नोंदींची फाइल रिकामी होते: डेटा खाणारा बग शोधून दुरुस्त कसा करायचा

उदाहरणाला घेतलेला प्रोग्राम साधा आहे. पायथनमध्ये लिहिलेली, टीकेइंटरची (पायथनसोबत येणारी, खिडक्या आणि बटणं बनवायची लायब्ररी) खिडकी असलेली एक नोंदवही. सगळ्या नोंदी एकाच जेसन फाइलमध्ये (डेटा साध्या मजकुरात लिहिण्याची एक पद्धत), बदल झाला की आपोआप सेव्ह. तक्रार अशी: विंडोजवर नोंदी काल संध्याकाळपर्यंत दिसत होत्या, आज सकाळी यादी कोरी आहे. एरर आलेली नाही, प्रोग्राम बंद पडलेला नाही, आणि लिनक्सवर काम करणाऱ्या डेव्हलपरला हे काही केल्या दिसत नाही.

असा बग पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पायथन थोडंफार येतं आणि गिटवर कमिट करता येतं, एवढं गृहीत धरलं आहे. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

आधी युजरची फाइल वाचवा

कोड उघडण्याआधी रिपोर्ट करणाऱ्याला तीन गोष्टी सांगा, आणि याच क्रमाने सांगा.

प्रोग्राम अजून उघडा असेल आणि त्यात नोंदी दिसत असतील, तर तो बंद करू नका. डिस्कवरची फाइल मेली असली तरी मेमरीतल्या नोंदी शाबूत असू शकतात. एकेक नोंद सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट करा. काम कंटाळवाणं आहे, पण बऱ्याचदा तेवढाच मार्ग उरतो.

प्रोग्राम बंद असेल तर पुन्हा उघडू नका. दर वेळी उघडून बंद केला की खराब फाइलवर आणखी एक थर चढतो. का, ते पुढे येईलच.

मग नोंदींचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे कॉपी करा. नुसती जेसन फाइल पुरत नाही, तात्पुरत्या फाइलीही हव्यात. फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर तिथे जुन्या आवृत्त्या मिळतात. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हिअस व्हर्जन्स’ बघा, मॅकवर टाइम मशीन. हे झालं की मगच फाइलचा आकार विचारा, आणि तो किलोबाइटमध्ये गोल केलेला नको. नेमके किती बाइट, ते हवं.

बाइट मोजा

आपल्या उदाहरणातल्या युजरची फाइल निघाली १३ बाइटची. आत काय आहे? बाहेरचा महिरपी कंस, अवतरणात ‘नोट्स’ ही की, कोलन, एक स्पेस, रिकामी चौकोनी यादी आणि मिटलेला कंस. म्हणजे फाइल तुटलेली नाही. व्याकरणाने शुद्ध आणि पूर्णपणे रिकामी आहे. वीज गेल्यामुळे किंवा डिस्क भरल्यामुळे इतकी नीटनेटकी रिकामी फाइल तयार होत नाही. ती कुठल्या तरी कोडने ‘नोंदी शून्य आहेत’ असं समजून, व्यवस्थित सेव्ह केलेली आहे.

फाइल मेली कशी, हे तिच्या अवस्थेवरून बरंच कळतं.

शून्य बाइट: फाइल लिहायला उघडली, म्हणजे जुना मजकूर पुसला गेला, आणि नवा लिहिण्याआधी काहीतरी बिनसलं.

अर्ध्यात तुटलेली: लिहिता लिहिता एरर आली, डिस्क भरली किंवा प्रोसेस मारली गेली. आकार ४०९६च्या पटीत असेल तर बफरमधले (डिस्कवर जाण्याआधी मजकूर मेमरीत साठतो ती जागा) काही तुकडे पोचले आणि बाकीचे राहिले, असा संशय घ्या.

आकार बरोबर, पण आत सगळे शून्य किमतीचे बाइट: वीज गेली किंवा मशीन अचानक बंद पडलं. फाइलसिस्टमने आकाराची नोंद केली, पण मजकूर डिस्कवर उतरलाच नाही. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइलसिस्टमवर, हे नेहमीचं आहे, आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर पावसाळ्यात तर जास्तच.

शुद्ध पण रिकामी: फाइल वाचणाऱ्या कोडचा दोष.

शुद्ध, भरलेली, पण जुनी: प्रोग्रामच्या दोन खिडक्या एकाच फाइलवर लिहीत होत्या, किंवा सिंक करणाऱ्या सेवेने जुनी प्रत परत आणली.

नवखे लोक बहुधा थेट सेव्ह करणाऱ्या फंक्शनकडे धावतात. आपली फाइल मात्र वाचणाऱ्या कोडकडे बोट दाखवते आहे. तरी सेव्हचं फंक्शनही निर्दोष नाही. या प्रकरणात दोन बग एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत.

बग समोर घडवून आणा

सेव्हच्या कोडमध्ये नेहमीच्या दोन ओळी दिसतात: फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडायची आणि जेसन.डम्पला द्यायची. एनकोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी बदलायची ती पद्धत, कुठेच दिलेलं नाही. इतिहास चाळला तर मध्यंतरी जेसन.डम्पचं एन्शुअर_आस्की हे सेटिंग फॉल्स केल्याचं एक कमिट सापडतं. हेतू चांगला होता. डिफॉल्ट सेटिंगवर देवनागरीचं प्रत्येक अक्षर उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे असं सहा बाइटमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर काही कळत नाही. ते कळावं म्हणून सेटिंग बदललं, आणि इतके दिवस झाकलेला दोष उघडा पडला.

एनकोडिंग न देता फाइल उघडली की पायथन ते सिस्टमकडून घेतं. इंग्लिश-इंडिया सेटिंगच्या विंडोजवर ते सीपी-१२५२ असतं. त्यात ‘é’ आहे, ‘ñ’ आहे, पण देवनागरीचं एकही अक्षर नाही. लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८ असल्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं. पायथन ३.१५ पासून सगळीकडेच यूटीएफ-८ हे डिफॉल्ट ठरलं आहे, पण युजरकडे कुठली आवृत्ती असेल हे तुमच्या हातात नाही.

आता हे करून बघा. नोंदवहीत इंग्रजी शीर्षकाच्या दहा-बारा नोंदी असू द्या. मग सगळ्यात वर ‘भाजीची यादी’ अशी एक नोंद टाका. लिनक्सवर बसला असाल तर चाचणीपुरतं फाइल उघडण्याच्या ओळीत सीपी-१२५२ स्वतः लिहा. नोंद सेव्ह झाली, निदान खिडकीत तरी तसंच दिसतं. आता डिस्कवरची फाइल बघा: २१ बाइट. महिरपी कंस, ‘नोट्स’, कोलन, स्पेस, चौकोनी कंस, आतला महिरपी कंस, ‘टायटल’, कोलन, स्पेस. पुढे काही नाही. ‘भ’ पाशी येऊन एनकोडर अडला, युनिकोड-एनकोड-एरर उठली, आणि तोवर बफरमध्ये जमलेलं फाइल बंद होताना डिस्कवर गेलं. जुन्या दहा-बारा नोंदी तर फाइल उघडली त्या क्षणीच गेल्या होत्या.

कोडमध्ये डम्पऐवजी डम्प्स वापरून पूर्ण स्ट्रिंग एकदम राइटला दिली असती, तर फाइल शून्य बाइटची झाली असती, कारण तिथे पूर्ण स्ट्रिंगचं एनकोडिंग आधी होतं. आकडा २१ की ० एवढ्यावरून आत कुठलं फंक्शन आहे हे सांगता येतं.

एरर युजरला का दिसली नाही? टीकेइंटरच्या कॉलबॅकमध्ये उठलेली एरर स्टॅंडर्ड एररवर छापली जाते आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. विंडोजवर पायथनडब्ल्यूने किंवा कन्सोल नसलेल्या ईएक्सईने चालवला असेल तर ते छापलेलं कुठेच दिसत नाही. मेमरीत सगळ्या नोंदी आहेत, खिडकीत दिसताहेत, युजर निर्धास्त.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडतो. वाचणारं फंक्शन त्या २१ बाइटच्या तुकड्यावर अडखळतं. पण तिथे एक उघडंबोडकं एक्सेप्ट बसलेलं आहे: काहीही चुकलं तर रिकामी यादी परत द्या. बंद करताना ती रिकामी यादी इमानेइतबारे सेव्ह होते. २१ चे १३ बाइट होतात आणि पुरावाही पुसला जातो.

हे घडवून आणता आलं की लगेच त्याची टेस्ट लिहा, दुरुस्तीच्या आधी. टेस्टमध्ये तीन नोंदींची चांगली फाइल तयार करा, सेव्हच्या मधे मुद्दाम एरर उठवा आणि शेवटी विचारा: डिस्कवरची फाइल अजून तीन नोंदींची आहे का? आत्ता ही टेस्ट फेल व्हायला हवी. पहिल्याच फटक्यात पास झाली तर ती भलतंच काहीतरी तपासते आहे.

सेव्हची दुरुस्ती

नुसतं एनकोडिंग यूटीएफ-८ केलं तरी ही तक्रार बंद होईल. पण तिथेच थांबू नका. डिस्क भरली, वीज गेली, टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारली, तर जुनी फाइल तशीच मरेल. नवी फाइल पूर्ण लिहून होईपर्यंत जुन्या फाइलला कोणी शिवता कामा नये. त्यासाठीचा क्रम असा:

१. सगळ्या नोंदी आधी मेमरीत जेसन.डम्प्सने स्ट्रिंग करा आणि ती यूटीएफ-८ मध्ये एनकोड करून बाइट मिळवा. जे काही चुकायचं ते इथे चुकू द्या. डिस्कला अजून हात लागलेला नाही.

२. ओएस.पाथ.रिअलपाथने फाइलचा खरा पत्ता काढा. काही लोक नोंदींची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून इथे फक्त सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) ठेवतात. हे पाऊल गाळलंत तर सिमलिंकच्या जागी साधी फाइल बसते आणि मूळ फाइल जुनीच राहते.

३. त्याच फोल्डरमध्ये टेम्पफाइल.एमकेएसटेम्पने तात्पुरती फाइल करा. सिस्टमच्या टेम्प फोल्डरमध्ये नको. तो वेगळ्या पार्टिशनवर असला तर शेवटची अदलाबदल एका झटक्यात होऊ शकत नाही.

४. ‘डब्ल्यूबी’ मोडमध्ये सगळे बाइट लिहा. मग फ्लश, मग ओएस.एफसिंक, मग क्लोज.

५. जुनी फाइल असेल तर शटिल.कॉपीमोडने तिच्या परवानग्या नव्या फाइलला द्या. एमकेएसटेम्प फाइल ०६०० परवानगीने बनवतं. हे विसरलं तर एकाच कॉम्प्युटरवर फाइल वाटून वापरणाऱ्या घरातल्या दुसऱ्या माणसाला ती उघडेनाशी होते, आणि तुमच्या दुरुस्तीवरच नवा बग दाखल होतो.

६. ओएस.रिप्लेसने तात्पुरती फाइल मूळ नावावर आणा.

७. लिनक्सवर फोल्डरही ओएस.ओपनने उघडून त्यावर एफसिंक करा. नावाचा बदल फोल्डरमध्ये नोंदला जातो, आणि ती नोंदही डिस्कवर उतरायला हवी.

यातल्या कुठल्याही पावलावर एरर आली तर तात्पुरती फाइल पुसा, आणि एरर गिळू नका, वर पाठवा. खिडकीत लाल पट्टीवर ठळकपणे दिसलं पाहिजे की ‘नोंदी सेव्ह झाल्या नाहीत’. लाल पट्टी दिसते म्हणून काही डेव्हलपरना हे आवडत नाही. युजरला मात्र नोंदी गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं परवडतं.

चौथ्या पावलावर सगळ्यात जास्त चुका होतात. फ्लश पायथनचा बफर ऑपरेटिंग सिस्टमकडे ढकलतो. एफसिंक ऑपरेटिंग सिस्टमकडचा मजकूर डिस्ककडे ढकलतो. फ्लश न करता एफसिंक केलं तर शेवटचा तुकडा पायथनकडेच पडून राहतो. नुसतं क्लोज केल्याने डिस्कवर पोचण्याची हमी मिळत नाही.

‘हे सगळं कशाला, रीनेम पुरतं की’ असं कोणी रिव्ह्यूमध्ये लिहीलच. त्याला २००९ सालची, लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइलसिस्टमची गोष्ट सांगा. ही फाइलसिस्टम मजकुराला डिस्कवर जागा देणं लांबणीवर टाकते. त्याआधीच्या ईएक्सटी-३ वर मजकूर साधारण ५ सेकंदांत उतरायचा, त्यामुळे एफसिंक न करणारे प्रोग्राम नशिबाने तरून जात. ईएक्सटी-४ वर तो वेळ अर्ध्या मिनिटावर किंवा त्याहून वर गेला, आणि मशीन अचानक बंद पडल्यावर उबुंटूच्या चाचणी आवृत्तीवर लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. रीनेम डिस्कवर पोचलं होतं, मजकूर पोचला नव्हता. ईएक्सटी-४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी लिनक्स २.६.३० मध्ये या नेहमीच्या पद्धती ओळखून मजकूर आधी उतरवण्याची सोय केली. पण ती सोय आहे, वचन नाही. दुसऱ्या फाइलसिस्टमवर ती असेलच असं धरून चालता येत नाही.

एफसिंकच एरर देऊन परत आलं तर? पुन्हा तोच कॉल करू नका. लिनक्सवर फसलेल्या एफसिंकनंतर दुसरा कॉल यशस्वी झाल्याचं सांगू शकतो आणि मजकूर मात्र गेलेला असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेसवाल्यांनाही याचा फटका बसला. तात्पुरती फाइल टाकून द्या आणि पहिल्या पावलापासून नव्याने लिहा.

प्रत्येक सिस्टमचा आपला हट्ट

विंडोजवर ओएस.रीनेम चालत नाही, कारण त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते नकार देतं. मग काही जण जुनी फाइल आधी डिलीट करतात आणि मग रीनेम करतात. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत फाइल अस्तित्वातच नसते, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. पायथन ३.३ पासून असलेलं ओएस.रिप्लेस दोन्ही सिस्टमवर चालतं. शटिल.मूव्हही टाळा. रीनेम जमलं नाही तर ते गुपचूप कॉपी करायला लागतं, आणि कॉपी एका झटक्यात होत नाही.

विंडोजवर रिप्लेस करताना परमिशन-एरर येईल, ५ किंवा ३२ या क्रमांकाची. फाइल त्या क्षणी अँटीव्हायरस तपासत असतो, सर्च इंडेक्सर वाचत असतो किंवा वनड्राइव्हने धरलेली असते. ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा, दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट, असे पाच-सहा प्रयत्न. तेवढ्यात बहुतेक वेळा सुटते. दर वेळी हमखास येत असेल तर तुमच्याच वाचणाऱ्या फंक्शनने फाइल उघडी ठेवली आहे का बघा. ‘विथ’ न वापरता उघडलेली एखादी फाइल सापडेल.

मॅकवर साधं एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच पोचतं. खात्री हवी असेल तर एफसीएनटीएल मोड्यूलमधून एफ_फुलएफसिंक करावं लागतं. नोंदवहीसाठी ते करा. खर्च थोडा आहे.

एफसिंकमुळे सेव्हला वेळ लागतो, विशेषतः फिरत्या डिस्कवर. त्यामुळे प्रत्येक अक्षर टाइप झालं की सेव्ह असं असेल तर ते बदला. टायपिंग थांबल्यावर दोन सेकंदांनी एकदा सेव्ह पुरे.

वाचण्याची बाजू

सेव्ह दुरुस्त झालं की पॅच संपला असं वाटतं. खरं तर जास्त डेटा या दुसऱ्या बाजूने जातो, कारण ‘वाचता आलं नाही’ आणि ‘काहीच नव्हतं’ यात कोड फरक करत नाही.

रिकामी यादी परत द्यायला एकच कारण मान्य करा: फाइल-नॉट-फाउंड. तेही फोल्डर जागेवर असेल तरच. नोंदी पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कच्या फोल्डरमध्ये असतील आणि ते जोडलेलंच नसेल, तर ‘फाइल नाही’ याचा अर्थ ‘नवा युजर’ होत नाही.

बाकी कुठलीही एरर आली, म्हणजे परवानगी नाही, जेसन तुटलेलं, एनकोडिंग चुकलेलं, तर तीन कामं करा. खराब फाइलची तारीख-वेळ जोडलेल्या नावाने प्रत ठेवा. युजरला फाइलच्या पत्त्यासकट सांगा. आणि या सत्रात त्या नावावर सेव्ह पूर्ण बंद ठेवा. तिसरं काम विसरलात तर पहिली दोन करूनही १३ बाइटची फाइल तयार होणारच.

युजरने फाइल नोटपॅडमध्ये उघडून हाताने काही बदललं, तर जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची बीओएम खूण टाकतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ते डिफॉल्टने टाकत नाही, पण जुनी मशीनं भरपूर आहेत. ही खूण असलेली स्ट्रिंग पायथनचं जेसन नाकारतं. वाचताना एनकोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. खूण असली तरी चालते, नसली तरी चालते. लिहिताना मात्र साधं यूटीएफ-८.

जुन्या आवृत्तीने सीपी-१२५२ मध्ये लिहिलेल्या फाइलीही कोणाकडे असतील, आत ‘Café’ सारखा एखादा शब्द. यूटीएफ-८ ने वाचताना डीकोड एरर आली तर एकदा सीपी-१२५२ ने वाचून बघा, यशस्वी झालं तर मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि पुढचं सेव्ह नव्या पद्धतीने होऊ द्या. उलट क्रमाने करू नका. सीपी-१२५२ जवळपास कुठल्याही बाइटला काहीतरी अक्षर देऊन मोकळं होतं, आणि मग मराठीच्या जागी ‘à¤’ अशा रांगा दिसायला लागतात. पुढचं सेव्ह झालं की त्याच रांगा कायमच्या.

एनकोडिंग न देता फाइल उघडणाऱ्या बाकीच्या जागा शोधायला पायथन ३.१० पासून एक सोय आहे. प्रोग्राम ‘-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एनकोडिंग’ हा पर्याय देऊन चालवा, अशा प्रत्येक ओळीवर इशारा मिळतो. एक्सपोर्टचं फंक्शन बहुतेक सापडेलच.

दोन खिडक्या आणि बॅकअप

प्रोग्राम दोनदा उघडला तर दोन्ही खिडक्यांकडे आपापली यादी असते आणि शेवटी बंद होणारी जिंकते. साधा उपाय असा: फाइल वाचताना तिची बदलाची वेळ आणि आकार लक्षात ठेवा. सेव्हच्या आधी पुन्हा बघा. जुळत नसेल तर मूळ फाइलवर लिहू नका, वेगळ्या नावाने लिहा आणि युजरला विचारा. सिंक सेवेने मधेच बदललेली फाइलही याच जाळ्यात सापडते. लॉक फाइलची पद्धतही आहे, पण प्रोग्राम मारला गेला की लॉक मागे राहतं आणि ‘नोंदवही उघडतच नाही’ असे नवे रिपोर्ट येतात.

बॅकअप ठेवायचेच. फक्त दर सेव्हला एक, असे नको. दर ३० सेकंदांनी सेव्ह आणि शेवटचे ५ बॅकअप असा हिशोब असेल, तर अडीच मिनिटांत पाचही जागी तीच रिकामी यादी बसते. दिवसातल्या पहिल्या सेव्हच्या आधी एक प्रत, असे ७ दिवस ठेवा. शिवाय नोंदी एकदम निम्म्याहून कमी झाल्या तर सेव्हच्या आधी एक जादा प्रत काढा. युजरने मुद्दाम सगळं डिलीट केलेलं असू शकतं, म्हणून त्याला अडवू नका. गुपचूप प्रत ठेवली की झालं.

‘त्यापेक्षा एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) वापरा’ हा सल्ला मिळेल. सल्ला बरोबर आहे. पण तो वेगळा बदल, वेगळी आवृत्ती. डेटा जाण्याच्या बगची दुरुस्ती छोटी आणि वाचायला सोपी असली पाहिजे, म्हणजे ती लगेच बाहेर जाते.

मुद्दाम मोडून बघा

आधी लिहिलेली टेस्ट आता पास व्हायला हवी. तेवढ्यावर भागत नाही.

डिस्क भरण्यासाठी लिनक्सवर १ मेगाबाइटची टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी तात्पुरती डिस्क) माउंट करा आणि तिथे नोंदवही चालवून मोठी नोंद पेस्ट करा. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमधून छोटी व्हर्च्युअल डिस्क बनवता येते. दोन्हीकडे अपेक्षा एकच: लाल पट्टी दिसली, जुनी फाइल शाबूत, तात्पुरती फाइल मागे उरली नाही.

प्रोसेस मारण्यासाठी एक लूप लिहा: प्रोग्राम सतत सेव्ह करतोय, आणि बाहेरून कधीही किल -९. दोनशे वेळा करा. दर वेळी फाइल उघडून जेसन वाचता येतं का आणि नोंदी जुन्या किंवा नव्या संचाइतक्याच आहेत का, ते तपासा. इथे तात्पुरत्या फाइली मागे उरतील, ते ठीक आहे. प्रोग्राम सुरू होताना एका दिवसाहून जुन्या, आपल्याच नावाच्या ठेवणीतल्या तात्पुरत्या फाइली पुसायचा कोड घाला. त्याहून ताज्या असतील तर हात लावू नका. त्या दुसऱ्या खिडकीच्या असू शकतात.

किल -९ ने एफसिंकची चाचणी होत नाही. प्रोसेस मेली तरी ऑपरेटिंग सिस्टमकडे पोचलेला मजकूर जिवंत असतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरतोच. एफसिंकची ओळ काढून टाकलीत तरी ही टेस्ट पास होईल. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन घ्या, सेव्ह चालू असताना ते शटडाउन न करता थेट ‘पॉवर ऑफ’ करा, पुन्हा सुरू करून फाइल बघा. हे हाताने पंधरा-वीस वेळा केलं तरी पुरे. प्रत्येक कमिटला नको.

आणि मराठी मजकुराची एक टेस्ट कायमची ठेवा: ‘भाजीची यादी’, एखादं जोडाक्षर, एखादी इमोजी. विंडोजच्या मशीनवर, सिस्टमचं एनकोडिंग सीपी-१२५२ असताना चालवा. फक्त लिनक्सवर चालणारी टेस्ट हा बग पकडणार नाही.

पॅच बाहेर पाठवताना

दोन कमिट करा: एक सेव्हचं, एक वाचण्याचं. टेस्ट त्या त्या कमिटमध्ये. व्हेरिएबलची नावं सुधारणं, इम्पोर्टच्या ओळी नीट लावणं असली सफाई यात मिसळू नका. जुन्या आवृत्तीवर दुरुस्ती चढवणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

रिलीज नोटमध्ये ‘स्थिरतेत सुधारणा’ लिहून विषय संपवू नका. कोणाला धोका आहे आणि त्यांनी अपडेटच्या आधी काय करायचं, हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं. नमुना:

‘विंडोजवर मराठी, हिंदी किंवा इतर भारतीय लिप्यांत नोंदी लिहिणाऱ्यांची फाइल आधीच्या आवृत्तीत रिकामी होऊ शकत होती. नोंदवही आत्ता उघडी असेल आणि नोंदी दिसत असतील, तर बंद करण्याआधी त्या दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मगच ही आवृत्ती चढवा. यादी आधीच कोरी झाली असेल तर प्रोग्राम न उघडता नोंदींचा फोल्डर कॉपी करा आणि फाइल किती बाइटची आहे ते आम्हाला कळवा.’